शेवटच्या बाकावरचा खोकला

अण्णा, तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदाच घरात आम्ही तिघंच आहोत. म्युनिकची पाहुणे मंडळी काल परत गेली. निखिल खाली अंगणात सायकल दुरुस्त करतो म्हणून गेलाय, पण खिडकीतून दिसतंय, तो नुसता सायकलीशेजारी बसलाय. ईरा तिच्या खोलीत आहे. रविवार असल्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कार्ल्सरूहेचा रविवार म्हणजे वेल्सचा रविवारच की. फक्त गाणं तेवढं काढून घेतलंय."

इथल्या मराठी मंडळाला त्यांच्या अंकासाठी तुमची माहिती हवी होती. निखिलने दिली. जन्म इचलकरंजीचा, शिक्षण कुठलं, ब्रिटनमध्ये कधी गेलात, इथल्या विद्यापीठाच्या ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत किती वर्षं काढलीत, सगळं व्यवस्थित. मी ते वाचलं. एकही चूक नव्हती, आणि त्यात तुम्ही कुठे नव्हतात. म्हणून हे लिहायला बसले. मंडळासाठी नाही, तुमच्यासाठी.

मी या घरात पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा विद्यार्थिनी होते. निखिल माझ्याच विभागात, दोन वर्षं पुढे. तो इथेच जन्मलेला, मराठी कळायचं पण बोलायला लागला की जर्मन वाक्यात मराठी शब्द कोंबल्यासारखं व्हायचं. निखिलच्या आई त्याआधीच गेलेल्या, त्यांना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं. जेवण झाल्यावर निखिल भांडी घासायला गेला आणि तुम्ही म्हणालात, "बस की गं. घाई आहे का काही?" पुण्याहून येऊन मला वर्ष होत आलं होतं. फोनवर घरच्यांशी बोलायचे तेवढंच. समोर बसलेल्या माणसाने "बस की गं" म्हणावं, यासाठी मी किती आसुसले होते ते त्या क्षणी मला कळलं. आणि तुमची मराठी तर इचलकरंजीहून निघालात त्या दिवशीची, तशीच्या तशी. विजेला तुम्ही 'बिजली' म्हणायचात आणि मला 'पोरी'. लग्न ठरायच्या आधीपासून.

त्याच दुपारी तुम्ही मला पहिल्यांदा तो रविवार सांगितलात. पुढे वीसेक वर्षांत कितीदा ऐकला असेन. प्रत्येक वेळी एखादी नवी गोष्ट निघायची त्यातून. एकदा तिथल्या चॅपेलमधल्या, म्हणजे छोट्या चर्चमधल्या, पॉलिशचा वास, एकदा बाकावर बसलेल्या बायकांच्या हातमोज्यांतल्या पेपरमिंटच्या गोळ्या. आज मी तो तुम्हाला सांगते. चुकलं तर तुम्ही आता दुरुस्त करू शकणार नाही, म्हणून जपून सांगते.

तुम्ही तेव्हा पंचविशीच्याही आत होतात. वेल्समधल्या प्रादेशिक रेडिओ केंद्रावर कनिष्ठ इंजिनियर. आठवडाभर बहुतेक कार्यक्रम लंडनहून यायचे, तुमचं काम ते पुढे पाठवायचं एवढंच. पण रविवारी थोडा वेळ केंद्राचा स्वतःचा असायचा. सकाळची प्रार्थना, दुपारी कुणाचं तरी भाषण, आणि संध्याकाळी एखाद्या गावच्या चॅपेलमधून सगळ्या गावाने मिळून गायलेली भजनं. तुम्ही भजनंच म्हणायचात त्यांना. वेल्श भाषेत, चार वेगवेगळ्या सुरांत, आणि सगळं थेट. रेकॉर्डिंग नाही, दुरुस्ती नाही. गायलं ते त्याच क्षणी घराघरात पोचलं आणि संपलं.

त्या रविवारी तुमचा वरिष्ठ ग्विलिम तापाने फणफणला होता. म्हणून कोळशाच्या खाणींच्या त्या गावात केंद्राची गाडी घेऊन तुम्ही, एक ड्रायव्हर आणि एक निवेदक असे तिघंच गेलात. दारू प्यायची ठिकाणं बंद, दुकानं बंद, सगळे लोक काळ्या कपड्यांत. चॅपेलच्या दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि निवेदकाला अदबीने विचारलं, की इंजिनियर मागून येतायत का. निवेदक म्हणाला, हेच इंजिनियर. हा भाग सांगताना तुम्ही नेहमी हसायचात. मला कधी हसू आलं नाही. तुम्ही म्हणायचात, त्यांचं काय चुकलं, त्यांनी माझ्यासारखा माणूस कधी पाहिलाच नव्हता. आणि पाच मिनिटांत एकीने चहा आणून दिला की नाही?

तुम्ही दोन माइक लावलेत. एक पुढे गाणाऱ्यांच्या डोक्यावर, एक मागे, सगळ्या लोकांचा मिळून आवाज यावा म्हणून. मग तालीम सुरू झाली, आणि मागच्या माइकमधून खोकला यायला लागला. शेवटच्या बाकावर एमरिस नावाचा म्हातारा बसला होता. जन्म खाणीत गेलेला, छातीत कोळशाची धूळ भरलेली. एकेकाळी गावातला सगळ्यात खर्जातला आवाज त्याचा होता म्हणे. आता तो नुसते ओठ हलवायचा आणि मधूनमधून खोकायचा. गायन घेणारे मास्तर त्याच्याजवळ गेले आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. तुम्हाला वेल्श येत नव्हतं, पण एमरिसने शेजारची टोपी उचलली त्यावरून तुम्हाला कळलं. त्याला बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं होतं. तो रागावला नाही. उठलासुद्धा.

तुम्ही मास्तरांना विचारलंत, हे का जातायत. ते म्हणाले, आज सगळा प्रांत ऐकणार, खोकला ऐकू गेला तर गावाची शोभा होईल. मग त्यांनी तुम्हालाच विचारलं, की इंजिनियरसाहेब, ऐकू जाईल ना?

तुम्ही म्हणालात, "नाही जाणार. बसू द्या त्यांना."

हे धडधडीत खोटं होतं. मागचा माइक एमरिसच्या जवळजवळ डोक्यावर होता. पण तुम्ही ते म्हणालात आणि मग ते खरं करून दाखवायच्या मागे लागलात. मला हा भाग सगळ्यात आवडायचा. लाल दिवा लागला, निवेदकाने गावाचं नाव घेतलं, गाणं सुरू झालं, आणि तुम्ही कानाला हेडफोन लावून सगळ्या गावातून एका माणसाचा श्वास शोधत बसलात. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलेला तुमचा कान. खोकला यायच्या आधी एमरिसच्या छातीत शीळ वाजल्यासारखा बारीक आवाज व्हायचा. तो आला की तुम्ही मागच्या माइकचं बटण खाली फिरवायचात, खोकला होऊन गेला की परत वर. गाणं ऐकताय की त्याला ऐकताय ते तुमचं तुम्हालाच कळेना, असं म्हणायचात.

शेवटचं कडवं त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि मग आणखी एकदा. मास्तर हात वर करून "एतो" म्हणायचे, म्हणजे पुन्हा. तिकडे लंडनचा पुढचा कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होणार, इकडे लोक थांबायला तयार नाहीत, निवेदकाला घाम फुटलेला. आणि त्या गडबडीत, शेवटच्या सुरानंतर जी शांतता झाली, तिच्यात तुमचा हात चुकला. एमरिस खोकला. चांगला मोठा, दोनदा. साऱ्या वेल्सने ऐकला.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी तुम्हाला बोलावलं. त्या माणसाला बाहेर बसवणं तुमच्या हातात होतं, तुम्ही बसवलं नाहीत, असं ते म्हणाले. तुम्ही म्हणालात, हो, नाही बसवलं. झालं. पुढे कितीतरी दिवस तुम्हाला बाहेरच्या प्रक्षेपणांना पाठवलं नाही, स्टुडिओत तबकड्या लावायचं काम दिलं. मी एकदा विचारलं होतं, वाईट नाही वाटलं? तुम्ही म्हणालात, वाटलं की. नोकरी जाईल म्हणून झोप उडाली होती. मग ग्विलिम बरा होऊन कामावर आला. त्याने सांगितलं, त्याची आई त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसली होती. गाणं सुंदरच झालं म्हणाली, पण गाणं काय, कुणीही शिकून गाईल. तो खोकला ऐकला आणि म्हातारी म्हणाली, "हे आपल्याकडचं आहे."

पुढे आयुष्यभर तुम्ही आवाजावर काम केलंत. इथे मोठमोठ्या लोकांबरोबर काम केलंत, पण ग्विलिमच्या आईचं हे एक वाक्य तुम्हाला मिळालेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा मोठं वाटायचं, हे मी पाहिलंय. निखिलचं मोडकं मराठी तुम्ही कधी दुरुस्त केलं नाहीत. ईरा तुमच्या प्रत्येक मराठी वाक्याला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि मी मागून ओरडायचे, आजोबांशी मराठीत बोल. तुम्ही मला हातानेच थांबवायचात. ती गेली की सांगायचात, पोरगी ऐकतेय ना, मग झालं. या एका गोष्टीवरून आपलं किती वर्षं वाजत होतं. मला आजही वाटतं तुम्ही जरा आग्रह धरायला हवा होता. पुढे ती जेवताना आणखी वरण हवं असलं की "एतो" म्हणायला लागली, तेव्हा तुम्ही विजयी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलंत. अण्णा, ते मराठी नाही, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, घरातलं तर आहे.

पण आपलं खरं भांडण गेल्या डिसेंबरातलं. ते अजून मिटलेलं नाही.

तुमच्या फुप्फुसांचं दुखणं तोवर वाढलं होतं. दोन वाक्यं बोललात की खोकल्याची उबळ यायची. ईराचं मुलांचं गायनपथक आपल्या भागातल्या चर्चमध्ये गाणार होतं, आणि इथलं प्रादेशिक रेडिओ केंद्र ते थेट प्रक्षेपित करणार होतं. रविवारी संध्याकाळी. मला वाटलं, ऐकून तुम्ही उडी माराल. तुम्ही म्हणालात, मी घरीच ऐकतो रेडिओवर. मी विचारलं, का. तर म्हणे, थेट आहे, मी खोकेन.

मला हसूच आलं आधी. मग राग आला. मी म्हटलं, तुम्ही हे म्हणताय? एमरिसला बसवून घेणारे तुम्ही?

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "एमरिस त्या गावचा होता, पोरी. त्याची जागा होती ती. मी इथे पाहुणा."

साठ वर्षं इथे काढलेला माणूस, अण्णा. ज्याची बायको इथल्या मातीत आहे, मुलगा इथे जन्मलाय. बेकरीतली बाई ज्याला न विचारताच त्याचा पाव बाजूला काढून ठेवते. मी हे सगळं बोलून दाखवलं. माझा आवाज चढला होता. तुम्ही उठून खोलीत गेलात. मला वाईट वाटलं ते तुम्ही येत नाही याचं नव्हतं. इतकी वर्षं मी या घरात तुमच्या आधाराने रुजले, आणि तुम्ही स्वतःच अजून दारात उभे आहात, हे मला त्या दिवशी कळलं.

ईराने सगळं ऐकलं असणार. शनिवारी तालमीला रेडिओची गाडी आली होती. तालमीनंतर ही कार्टी तिथल्या ध्वनी इंजिनियर बाईंकडे गेली आणि तिने सरळ विचारलं, माझे आजोबा खोकतात, ते आले तर चालेल का. आम्हाला काही सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर बूट न काढताच तुमच्या खोलीत गेली आणि तुम्हाला जर्मनमध्ये वृत्तांत दिला. ती बाई म्हणाली, अर्थात ऐकू जाईल. चर्चमध्ये माणसं असतात, माणसं खोकतात, रिकाम्या चर्चचा आवाज मला नकोच आहे. डावीकडच्या खांबामागे बसलात तर थोडा कमी जाईल, एवढंच.

मी दाराशी उभी होते. मला वाटलं तुम्ही हसून तिची समजूत घालाल. तुम्ही विचारलंत, माइक किती आहेत? तिने सांगितलं. टांगलेत की उभे केलेत? तेही तिने पाहून ठेवलं होतं. मग तुम्ही तिच्याच जर्मन 'तर मग'ने सुरुवात केलीत, "आल्झो, खांबामागे कशाला? तिथून काही दिसणार नाही."

तुम्ही आलात. निखिलचा हात धरून, आईंनी विणलेला तो राखाडी मफलर गुंडाळून. मधल्या रांगेत कडेला बसलात. मुलं गायली. ईराला मी पाहतच नव्हते, मी तुमच्याकडे पाहत होते; तुमचे डोळे मुलांवर नव्हते, वर टांगलेल्या माइकवर होते. दोनदा तुम्ही रुमालात खोकलात. तिसऱ्यांदा मात्र गाणं संपून सगळं शांत झालं होतं, आणि तुम्हाला आवरता आलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मागे वळून पाहिलं आणि पर्समधून काढून एक खोकल्याची गोळी तुमच्या हातात ठेवली. एवढंच झालं.

नंतर त्या इंजिनियर बाई स्वतः तुम्हाला शोधत आल्या. तुम्ही त्यांची माफी मागायला लागलात तर त्या म्हणाल्या, तुमच्या नातीने मला आधीच सगळं सांगितलंय. मग तुम्ही तुमचं नाव सांगायच्या आधी एमरिसचं सांगायला सुरुवात केलीत. धाप लागत होती, मधे थांबत होतात, पण सांगितलंत सगळं, ग्विलिमच्या आईपर्यंत. त्या बाईंनी मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग त्यांनी तुम्हाला गाडीत नेलं, खुर्चीवर बसवलं, आणि तुमच्या कानांवर हेडफोन चढवले. आत चर्चमध्ये लोक खुर्च्या सरकवत होते, मुलं पळत होती, कुणीतरी ऑर्गनवर बोट मारत होतं. तुम्ही डोळे मिटून ते ऐकत बसलात. ईरा गाडीच्या पायरीवर उभी राहून थंडीने कुडकुडत होती आणि हलायला तयार नव्हती. मी तुम्हाला इतक्या आनंदात कधीच पाहिलं नव्हतं. ग्विलिमचा ताप, केंद्रप्रमुखांचं बोलावणं, सगळं मागे पडलेला एक पंचविशीतला मुलगा बसला होता तिथे.

निखिल आपल्या गाडीत एकटा असला की चर्चमधल्या त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावतो, हे मला परवा कळलं. तुमच्याकडून त्याच्याकडे कान आलाय, बोलणं नाही.

पाहुणे असण्यावरचं आपलं बोलणं तसंच राहिलं. मी तो विषय पुन्हा काढला नाही, तुम्हीही नाही. चर्चमध्ये आलात म्हणजे माझं पटलं, असं मी धरून चालले. पण तुम्ही तसं म्हणाला नाहीत, आणि तुम्ही न म्हटलेली गोष्ट तुमच्या तोंडी घालणं मला जमणार नाही. तुमच्या अंत्यसंस्काराला दफनभूमीतल्या त्या छोट्या हॉलमध्ये लोक मावले नाहीत. बेकरीतल्या बाई दुकान बंद ठेवून आल्या होत्या. प्रयोगशाळेतले तुमचे विद्यार्थी, आता त्यांचेच केस पांढरे झालेले. इमारतीची देखभाल करणारा तळमजल्यावरचा हाऊसमाइस्टर, ज्याच्याशी तुम्ही कचऱ्याच्या डब्यांवरून वर्षानुवर्षं वाद घातलात, तो रडत होता. कुणाला बसवायचं, कुणाला उभं ठेवायचं, या धावपळीत माझ्या मनात सारखं येत होतं, की अण्णांना हे बघू दे आणि मग म्हणू दे पाहुणा.

आता शेवटचं. हॉस्पिटलातली ती दुपार. निखिल ईराला आणायला शाळेत गेला होता. वॉर्डात नवीन नर्स होती, तिने मला दारात अडवलं, आता फक्त जवळचे नातेवाईक आत जाऊ शकतात म्हणाली. मी 'सून'साठीचा तो लांबलचक जर्मन शब्द जुळवत होते. ती तुमच्याकडे वळली आणि तिने विचारलं, ही तुमची मुलगी का? शब्दांच्या बाबतीत तुम्ही किती काटेकोर, मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव जरा चुकीचं घेतलं तरी दुरुस्त करायचात. तुम्ही तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

तिने मला खुर्ची आणून दिली. मी बसले. तुमचा हात हातात घेतला, तर तुम्ही म्हणालात, "बोल काहीतरी. मला दम नाही, पण ऐकतो."  मोठं काही बोलायला गेले असते तर रडले असते. म्हणून मग साधंच बोलत राहिले. ट्रामचा मार्ग बदललाय आणि आता बाजाराच्या चौकात उतरून चालत यावं लागतं. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला कोंब फुटलाय. ईराने पोळी लाटली, नकाशासारखी झाली, पण फुगली. ऑफिसातल्या कटकटी, पुण्याला भावाने घेतलेली गाडी. तुम्ही डोळे मिटले होते. सुरुवातीला एखाद्या वाक्याला बोट हलवायचात, नकाशाच्या पोळीला हसलातसुद्धा. मग बोट हलेनासं झालं. झोपलात असं वाटून मी आवाज खाली आणला, पण थांबले नाही. निखिल आणि ईरा येईपर्यंत बोलतच होते.

तुम्ही कुठवर ऐकलंत, अण्णा, ते मला माहीत नाही.